स्थिर कॅमेऱ्याने चलच्चित्रण
(मलकापूर येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आमची सारी हयात खडू-फळ्याच्या संगतीत गेली. यंत्राशी आमचे सख्य कधीच नव्हते. निवृत्तीनंतर चिरंजीवांनी छायाचित्रे काढण्याचा कॅमेरा आणून दिला. त्याच कॅमेऱ्याने चलच्चित्रही घेता येते, हे आम्हांस कळावयास दोन वर्षे लागली!

छायाचित्रकाराने चलच्चित्राकडे वळावे, ही आपल्याकडील जुनीच रीत होय. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मूळचे छायाचित्रकार. १८९६ साली मुंबईत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली, त्यानंतर त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून सलग दाखविली होती. स्थिर चित्रांची माळ ओवली की चलच्चित्र होते, एवढेच यातील मर्म. पुढे २००८ साली निकॉनचा डी-९० व कॅननचा फाइव्ह डी मार्क टू हे दोन्ही कामे करणारे कॅमेरे निघाले.

आम्ही सराव केला तो आगाशिवाच्या डोंगरावर, लेण्यांपाशी. पहिल्या दिवशीची चित्रे घरी पाहिली तो डोंगरच डोलत होता! तेव्हापासून डावा तळवा भिंगाखाली, दोन्ही कोपरे बरगड्यांशी, आणि शक्य तेथे तिवई, हा आमचा नेम झाला. छायाचित्रकारास कॅमेरा उभा धरण्याची खोड असते. पडदा आडवा, म्हणून येथे ती सोडावी लागते. कळ दाबल्यावर मनात दहा अंक मोजावेत व तोवर कॅमेरा इकडेतिकडे फिरवू नये.

सेकंदास पंचवीस चित्रे घ्यावयाची, तर शटरचा वेग एकपन्नासांश ठेवावा. आपली वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची असल्याने पुष्कळ दिवे शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्यास ते दिसत नाही, कॅमेऱ्यास दिसते. या वेगाने तो दोष बहुधा टळतो. मात्र भर उन्हात याच वेगाने चित्र पांढरेफटक पडते. तेव्हा भिंगाचे छिद्र लहान करावे, तेवढ्याने न भागल्यास पुढे काळसर काच लावावी.

हे सारे आम्ही शिकलो, आणि आवाजाकडे दुर्लक्ष केले.

आमच्या थोरल्या आत्याबाईंस जात्यावरच्या कितीतरी ओव्या मुखोद्गत होत्या. गतवर्षी वैशाखात त्यांस माजघरात बसवून आम्ही पाऊण तास चित्रण केले. उकाडा होता, म्हणून पंखा चालू ठेवला. कॅमेऱ्यातील ध्वनिग्राहक जवळचा सारा गोंगाट टिपतो, भिंग सरकल्याची करकरसुद्धा, हे ठाऊक असूनही गळपट्टीस लावावयाचा छोटा ध्वनिग्राहक आणण्यास आम्ही चालढकल केली. काम झाल्यावर कानास यंत्र लावून ऐकलेही नाही. दिवाळीत पुन्हा बसू, असे ठरले होते. आत्याबाई भाद्रपदात गेल्या. आज आमच्यापाशी त्यांच्या मुखावरची सुरकुती न् सुरकुती स्पष्ट आहे, ओठ हलताना दिसतात. ओव्या मात्र पंख्याच्या घरघरीत बुडाल्या. घरातील लेकीसुना ओठांवरून शब्द जुळवू पाहतात. चारपाच ओव्या जुळल्या. बाकीच्या गेल्या त्या गेल्याच.

आज या सभागृहात ऐंशी ओलांडलेली पाचसहा मंडळी समोर बसलेली आम्ही पाहतो आहोत. भोजनानंतर शेजारच्या खोलीत आम्ही तिवई मांडून बसणार आहोत. गळपट्टीचा ध्वनिग्राहक या खेपेस आणला आहे. प्रत्येकाने आपले गाव, वडिलांचा व्यवसाय आणि लहानपणची एखादी आठवण सांगावी, घाई कोणासच नाही. तरुण मंडळींपैकी दोघांनी मदतीस यावे. खोलीतील पंखा मात्र बंद राहील. उकाडा सोसत नसेल त्यांनी ओसरीवर बसावे.