बोटांनी घडलेली माती

पोळ्याच्या बाजारातला मातीचा बैल निरखून पाहा. वशिंड चिमटून काढलेलं, शिंगं वळून चिकटवलेली. चाकाचं काम नाही. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापवून भाजलेली मातीची भांडी, हातानं घडवणारे कलाकारही मातीच्या वळ्या एकावर एक रचतात, लाटलेले तुकडे जोडतात. सांधा आधी खरवडून पातळ माती लावतात, नाहीतर वाळताना तो सुटतो.

साध्या मातीकामात आणि स्टोनवेअरमध्ये खरा फरक भट्टीत. माठ हजार अंशांच्या आत भाजतो, झिरपतो, म्हणून पाणी गार राहतं. स्टोनवेअर १२०० अंशांपुढे तापून दगडासारखं घट्ट होतं. कुंभार घराण्यातले, भाईंदरला स्टोनवेअर घडवणारे ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. बीडच्या कुंभारवाड्यांतही हात तयार आहेत. तिथल्या कुंभारांना स्टोनवेअरचं प्रशिक्षण आणि चांगली भट्टी मिळायलाच हवी.