चिमणीचे मोल

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



प्रभू येशूच्या काळी बाजारात चिमण्या विकावयास येत असत. गरिबाचे ते मांस. संत मत्तयच्या शुभवर्तमानात एका नाण्यास दोन चिमण्या असा भाव आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांस पाच. हिशेब करून पाहा. दोन नाण्यांस चार यावयाच्या. पाचवी विकणाऱ्याने वर फुकट घातलेली. बाजारात जिला कवडीचेही मोल नाही अशी ती पाचवी चिमणी. आणि प्रभू सांगतो की, देवाला तिचादेखील विसर पडत नाही.

ह्या पाचव्या चिमणीविषयी मला आज बोलावयाचे आहे. पक्ष्यांच्या रक्षणार्थ झटणाऱ्या संस्थांस आपण कोणकोणत्या मार्गांनी द्रव्यसाहाय्य मिळवून देऊ शकू, हा आजचा विषय. ज्युबिलीच्या वर्षी हा विषय कोणास आडवळणाचा वाटेल. परंतु लेवीय ग्रंथाच्या ज्या पंचविसाव्या अध्यायात ज्युबिलीची आज्ञा आहे, त्याच्याच आरंभी जमिनीच्या विसाव्याच्या वर्षाची आज्ञा आहे. आणि त्या वर्षी शेतात आपोआप उगवेल ते धनी, चाकर व उपरी ह्यांच्याबरोबर रानातल्या जिवांसही मोकळे असावे, असे तेथे सांगितले आहे. मरोळ, कोंडिविटे, चकाला, सहार येथील आपल्या वाडवडिलांच्या भातखाचरांत बगळ्यांचा व चिमण्यांचा वाटा असे. तो कोणी मोजून दिला नाही, पण कोणी हिरावूनही घेतला नाही. आज खाचरे गेली, कौलारू घरांची आढी गेली, आणि त्यांबरोबर पाखरांचा वाटाही गेला.

येथे एक आक्षेप निघतो, आणि तो प्रामाणिक आहे. मनुष्ये उपाशी असता पाखरांसाठी झोळी का फिरवावी? ह्याचे उत्तर गिधाडाने दिले आहे. 1990 नंतरच्या दशकात आपल्या देशातील गिधाडे पाहता पाहता नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची गत तर अशी झाली की, पूर्वी जेथे हजार होती तेथे एखादेच उरले. आपल्या शहरातील पारशी बंधूंच्या डुंगरवाडीवरही ती दिसेनाशी झाली. गुरांना वेदनाशमनार्थ दिले जाणारे डायक्लोफेनॅक नावाचे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई व त्याचे मूत्रपिंड निकामी करी, हे 2004 साली प्रसिद्ध झाले. आणि 2006 साली सरकारने गुरांसाठी ते औषध तयार करण्यास बंदी केली. मधल्या काळात मेलेली गुरे उघड्यावर सडली, ती खाऊन मोकाट कुत्री वाढली, आणि कुत्र्यांबरोबर पिसाळरोगाचे भय वाढले. ते भय बंगल्यातल्या धनिकास थोडे, आणि पहाटे कामास पायी निघणाऱ्या गरिबास फार. तेव्हा पक्षी आणि दरिद्री मनुष्य हे एकमेकांचे वाटेकरी आहेत, प्रतिस्पर्धी नव्हेत. 2015 साली पोप फ्रान्सिस ह्यांनी ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश एकत्रच ऐकावयास सांगितले, ते ह्याच अर्थाने.

गिधाडाची मादी वर्षास एकच अंडे घालते, आणि पिलू वयात यावयास सुमारे पाच वर्षे लागतात. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणात पिंजोर येथे राज्य सरकारच्या साहाय्याने गिधाडांची पैदास चालविली आहे. अशा कामास एके दिवशीची मोठी देणगी पुरत नाही; लहान का होईना, पण दर वर्षी न चुकता येणारी रक्कम लागते. उपाय शोधताना ही गोष्ट विसरू नये.

ही सोसायटी आपल्यास परकी नाही. 1883 साली आठ गृहस्थांनी ती स्थापिली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे महाराष्ट्रीय होते. पुढे तिचे भूषण झालेले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली तरुणपणी व्यापाराचे शिक्षण घेत असता, सेंट झेवियर कॉलेजातील येशूसंघीय धर्मगुरू फादर ब्लाटर ह्यांनी त्यांची आवड ओळखून त्यांस प्राणिशास्त्राकडे वळविले. त्याच सालिम अलींना 1976 साली पन्नास हजार डॉलरांचे गेटी पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी ते निसर्गरक्षणाच्या निधीस लावले. म्हणजे ह्या वृक्षाच्या मुळाशी एका धर्मगुरूच्या हातचेही ओंजळभर पाणी आहे.

आता मार्गांकडे वळू. इतरांनी काय केले ते प्रथम पाहावे. 1889 साली इंग्लंडातील काही स्त्रियांनी, टोप्यांवरील पिसांसाठी होणारी पक्ष्यांची कत्तल पाहून एक मंडळ काढले. वर्गणी दोन पेन्स, आणि पिसे न वापरण्याचा नेम. त्या मंडळाचे आज दहा लाखांहून अधिक सभासद आहेत. अमेरिकेत 1934 साली बदकांच्या शिकाऱ्यांवर एक डॉलरचे तिकीट विकत घेण्याची सक्ती झाली. शिकार न करणारेही ते हौसेने घेतात, त्यावरील चित्र स्पर्धेतून निवडले जाते, आणि येणाऱ्या पैशाचा बहुतेक सर्व भाग पाणथळ जागा राखण्यास जातो. आपल्याच देशात, अरुणाचल प्रदेशातील पाक्केच्या अरण्यात, 2011 सालापासून धनेश पक्ष्याची घरटी ‘दत्तक’ दिली जातात. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःस लिंपून घेते; नर बाहेरून चारा पुरवितो; तो मारला गेला तर सारे कुटुंब उपाशी मरते. शहरातील माणसे एकेका घरट्याचा वर्षाचा खर्च उचलतात, आणि त्यातून निशी जमातीच्या माणसांस राखणदारीचे वेतन मिळते. पूर्वी शिकार करणारे हातच आता राखण करतात. पैसा कोठे गेला हे देणाऱ्यास कळते, आणि गरिबाची चूलही पेटते.

ह्यावरून आपल्या धर्मग्रामासाठी मी पाच गोष्टी सुचवितो.

पहिली, आगेराची. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आपण भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी देवळात आणतो. त्या दिवशी भाजी, फळे, नारळ जे अर्पण येईल, त्यातील काही भागाचा मिस्सेनंतर अंगणात लिलाव करावा, व तो पैसा ‘पाखरांचा वाटा’ म्हणून निराळा ठेवावा.

दुसरी, पक्षिफेरीची. तरुणांनी एका रविवारी पहाटे जाणत्या मार्गदर्शकाबरोबर गोरेगावच्या सोसायटीच्या निसर्गकेंद्रात किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जावे. जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या आप्तेष्टांकडून वचन घ्यावे, की जितक्या जातींचे पक्षी दिसतील तितक्यांदा पाच रुपये देऊ. ज्या मुलास कावळा व चिमणी ह्यांपलीकडे पक्षी ठाऊक नाही, त्यास एका सकाळीत तीस नावे पाठ होतील. आणि काकांच्या खिशास थोडी कळ लागेल, तीही पुण्याचीच.

तिसरी, भगिनीमंडळाची. जत्रेच्या दिवशी फुगिया व बाटलीतला मसाला विकून आपल्या भगिनी देवळासाठी किती पैसा उभा करतात, हे आपण दर वर्षी पाहतो. त्यातील एकच दुकान ह्या कार्यास द्यावे, आणि तेथे पाटी लावावी की येथील नफ्याने अमुक वर्षाचे एक घरटे राखले जाईल.

चौथी, मुलांची. अमेरिकेच्या तिकिटासारखे आपणही करू शकतो. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांकडून पक्ष्यांची चित्रे काढवून घ्यावी, उत्तम बारा निवडावी, आणि त्यांची दिनदर्शिका नाताळापूर्वी छापावी. नातवाचे चित्र ज्या पानावर आहे, ती दिनदर्शिका विकत न घेणारी आजी अजून जन्मास यावयाची आहे.

पाचवी, उपवासकाळाची. चाळीस दिवसांत दर शुक्रवारी जे आपण ताटातून वगळतो, त्याच्या किमतीतील एक लहानसा अंश ह्या डब्यात टाकावा. मोठा अंश पूर्वीप्रमाणे गरिबांचाच. व्हिन्सेंट डी पॉल सभेच्या पेटीतील एक पैही इकडे वळू नये, हे मी निक्षून सांगतो.

काही सावधगिरीच्याही गोष्टी आहेत. जमेल तो पैसा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेसच द्यावा, पावती घ्यावी, व हिशेब देवळाच्या दारावर लावावा. हिशेब उघडा असला म्हणजे दुसऱ्या वर्षी हात आखडत नाहीत. पिंजऱ्यातले पोपट दयेपोटी विकत घेऊन सोडू नयेत; विकत घेणारा दिसला की पारधी आणखी जाळी लावतो. आपल्या रानातले पोपट पकडणे, विकणे, पाळणे हा 1972 च्या कायद्याने गुन्हाच आहे. आणि ज्युबिलीच्या सोहळ्यात शुभ्र कबुतरे आकाशात सोडावी अशी जी सूचना आली आहे, ती मला नाकारावी लागते. पिंजऱ्यात वाढलेल्या पाखरास आकाश हे घर नसते. संध्याकाळपर्यंत ते घारीच्या नाहीतर मांजरीच्या तोंडी जाते. पवित्र आत्म्याच्या प्रतीकाचा हा सन्मान नव्हे. त्या कबुतरांस आणि आतषबाजीस लागणारा पैसा ह्या निधीची पहिली ठेव व्हावा, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे.

1979 साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी असिसीकर संत फ्रान्सिस ह्यांस निसर्गरक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. ते संत भिक्षा मागून जगले. देवाच्या कार्यासाठी हात पसरण्यात त्यांस कधी लाज वाटली नाही. आपणही लाजू नये. चार चिमण्यांची किंमत बाजार देतो. पाचवीची किंमत कोणीतरी प्रेमाने द्यावयाची असते. ती देण्याची बुद्धी व शक्ती प्रभू आपल्या ह्या कुटुंबास देवो, अशी त्याच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.