आंतरराष्ट्रीय व्यापार : पहिली नोकरी कुठे करावी?



इंटरनॅशनल बिझनेस शिकणाऱ्या मुलांना पुढचा बेत विचारला, की बहुतेकांच्या तोंडी बहुराष्ट्रीय कंपनी नाहीतर परदेश येतो. यात वावगं काही नाही. पण निर्यातदाराकडचं डॉक्युमेंटेशनचं टेबल कुणाच्याच डोळ्यांसमोर नसतं. माझं स्पष्ट मत आहे, की पहिली एक-दोन वर्षं तिथेच काढावीत.

आपण नाशकात बसलोय, तेव्हा द्राक्षांचंच बघू. दिंडोरीच्या पॅकहाऊसमधून रीफर म्हणजे थंड कंटेनर न्हावा-शेवा बंदराला जातो आणि तिथून रॉटरडॅमची वाट धरतो. त्याआधी बागेची नोंदणी झालेली असते. शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेची ग्रेपनेट व्यवस्था 2006 पासून चालू आहे, त्यामुळे खोकं कुठल्या प्लॉटचं हे मागे शोधत जाता येतं. औषधांच्या अंशांची तपासणी होते, रोग-किडी नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र मिळतं, कस्टम्सकडे शिपिंग बिल दाखल होतं, त्यावर ताज्या द्राक्षांचा 0806 10 00 हा कोड पडतो. माल जहाजावर चढला, की बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची पावती, हातात येतं.

आता व्यवहार एलसीवर, म्हणजे बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटवर असेल तर नीट लक्ष द्या. बँक द्राक्षं बघत नाही, कागद बघते. 2007 पासून लागू असलेल्या यूसीपी 600 या नियमांनुसार कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात. समजा, एलसीत साडेचार किलोची खोकी लिहिली आहेत आणि इन्व्हॉइसमध्ये कुणी पाच किलो टाकलं. द्राक्षं कितीही गोड असोत, बँक कागद नाकारू शकते. पैसे अडकतात ते निर्यातदाराचे, आणि शेवटी झळ बागाईतदारापर्यंत पोचते. ती ओळ वेळीच पकडणारी मुलगी शेतकऱ्याचं वर्ष वाचवते. हे काम कारकुनी आहे असं म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही.

2010 साल इथल्या बागाईतदारांना आठवत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले आणि आपली द्राक्षं युरोपात अडकली. परदेशातले अंशमर्यादेचे नियम रोज वाचणारी, बदल वेळेत बागेपर्यंत पोचवणारी माणसं किती मोलाची, हे तेव्हा कळलं. कम्प्लायन्स हे आज स्वतंत्र करिअर आहे. वाहतुकीचंही तसंच. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि पुढचा हंगाम ऐन भरात असताना जहाजं आफ्रिकेला वळसा घालत होती. नाशवंत मालाचे ते वाढलेले दिवस कसे निभवायचे, हा प्रश्न मालवाहतुकीची व्यवस्था लावणाऱ्या फ्रेट फॉरवर्डरच्या टेबलावर येऊन पडला.

डॉक्युमेंटेशनच्या या एका टेबलावरून वाटा फुटतात. निर्यातदाराच्या वतीने कस्टम्सचं काम करणाऱ्या ब्रोकरच्या ऑफिसात एच कार्ड या सुरुवातीच्या ओळखपत्रावर लागलेला मुलगा परीक्षा देऊन वरचं जी कार्ड मिळवतो आणि पुढची परीक्षा पास झाला तर स्वतः कस्टम्स ब्रोकर होऊ शकतो. बँकांचे ट्रेड फायनान्स विभाग आहेत. परदेशी ग्राहकाने पैसे बुडवले तर त्याचा विमा देणारी, 1957 साली स्थापन झालेली ईसीजीसी मुंबईतच आहे. यूपीएससीतून इंडियन ट्रेड सर्व्हिसमध्येही जाता येतं. या सेवेचं नाव आपल्याकडच्या मुलांना ठाऊकच नसतं, याची मला खंत वाटते. जर्मन, जपानी किंवा स्पॅनिश येत असेल, तर थेट ग्राहकाशी बोलणारं खरेदी-विक्रीचं कामही मिळतं. भाषा मात्र सर्टिफिकेटपुरती शिकू नका. ग्राहक तक्रार त्याच्या भाषेत करतो.

पालकांना एक विनंती. पहिला पगार कमी आहे म्हणून मुलांना या कामापासून अडवू नका. आणि विद्यार्थ्यांनो, द्राक्षाचा हंगाम जानेवारीत जोर धरतो. निर्यातदाराकडे तेव्हा बोलायला कुणाला सवड नसते. डिसेंबरातच जाऊन भेटा, आणि जाण्याआधी एक शिपिंग बिल पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत वाचून जा.