'आईकडून आलेला' आजार
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मी रुग्णालयात समाजसेविका आहे. मागे एक बाई आठ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. धावता मुलगा चौथ्या वर्षापासून सारखा पडू लागला, जिना चढेना, जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकू लागला. पोटऱ्या मात्र जाडजूड, म्हणून घरच्यांना वाटे पोरगं सोंग करतंय. निदान झालं ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. 'हा आईकडून येतो,' असं डॉक्टर म्हणाले. सासूने तेवढंच वाक्य उचललं. महिन्याभरात आई आणि मुलगा दोघांची रवानगी माहेरी.

ते वाक्य अर्धवट होतं. स्नायू टिकवणाऱ्या डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. ते १९८६-८७ च्या सुमारास सापडलं. बाईकडे एक्स दोन. एकावर बिघाड असला तरी बहुधा दुसरा निभावून नेतो, तिला पत्ताही लागत नाही. मुलाकडे एक्स एकच, आईचा. बापाकडून येतो तो वाय. ज्या वायसाठी पेढे वाटले जातात, त्याच्यावर या जनुकाची जादा प्रत नसते! अशा वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला वाहक असण्याची शक्यता निम्मी.

पण सुमारे एक तृतीयांश मुलांच्या आया वाहक नसतातच, बिघाड नव्याने झालेला असतो. (तरी पुढच्या खेपेला थोडा धोका उरतो, कारण तो काही बीजांडांत असू शकतो.) शिवाय सगळ्या डिस्ट्रॉफी अशा नाहीत. मायोटॉनिक प्रकार बापाकडूनही येतो. कंबर-खांद्यांच्या स्नायूंच्या बऱ्याच प्रकारांत आईबाप दोघांकडून दोष यावा लागतो. तेव्हा नवऱ्याला कुठल्या माहेरी धाडणार?

वाहक बाईच्या स्वतःच्या तब्येतीचं कुणी विचारत नाही. तिचं हृदय कमकुवत होऊ शकतं, त्याची तपासणी अधूनमधून व्हायला हवी. तिच्या बहिणींना, मावश्यांनाही चाचणीची माहिती मिळायला हवी, पण चाचणी त्यांच्या संमतीनेच, आणि अहवाल आधी त्यांच्याच हातात.

गर्भलिंग सांगण्यावर बंदी घालणारा १९९४ चा कायदा लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात, बाईच्या लेखी संमतीने गर्भपरीक्षणाची मुभा देतो. ही मुभा मला आवश्यक वाटते. पण अपंग मैत्रिणी विचारतात, 'मग आमच्यासारख्यांनी जन्मूच नये का?' या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एवढं म्हणेन, निर्णय बाईचा असावा, आणि जन्मलेल्या मुलाची चाकाची खुर्ची, शाळा, शुश्रूषा एकट्या आईच्या गळ्यात पडू नये. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात हा आजार आहे. प्रमाणपत्र काढायला त्या मायलेकरांबरोबर कुणी तरी जायला हवं.

ती बाई निघताना दारात थांबली. म्हणाली, "ताई, धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. सांगू का?" मी म्हटलं, बहिणीला जरूर सांग. सासरी सांगायचं की नाही, ते तिचं ती ठरवील.