करमणूक, कायदा आणि मतदार



करमणूक म्हणजे राजकारणापासून घटकाभर सुटका, अशी पुष्कळांची समजूत आहे. कायद्याची समजूत तशी नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२६ वे कलम पाहा. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत निवडणुकीची जाहीर सभा भरविता येत नाही. त्याचबरोबर लोक जमविण्यासाठी गाण्याचा कार्यक्रम, नाटक वा अन्य करमणूक योजून तिच्याद्वारे प्रचार करणे, हाही गुन्हा होय. त्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्या गोष्टीने मत वळत नाही, तिला कायदा बंदी कशाला करील?

हे सामर्थ्य आपल्या वडीलधाऱ्यांनी केव्हाच ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला. परंतु ज्याला अक्षरओळखच नाही, त्याच्यापर्यंत छापील शब्द पोचावा कसा? ते कार्य जलशांनी केले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचा ओळखीचा साचा घेतला आणि त्यातून शिक्षणाचा व माणुसकीच्या हक्कांचा विचार सांगितला. हसावयास आलेला माणूस विचार घेऊन घरी गेला.

परंतु हेच हत्यार आपल्या हक्कांवर चालून आले तर? ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ या तामीळ चित्रपटाने जातीवर आधारलेल्या राखीव जागांवर टीका केली. मद्रास उच्च न्यायालयाने त्याचे प्रमाणपत्र रद्द केले. १९८९ साली, एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. निदर्शनांच्या धमकीपुढे नमून विचार दडपता येणार नाही, त्याचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे, असे न्यायालयाने बजावले. २०११ साली ‘आरक्षण’ या हिंदी चित्रपटावरील उत्तर प्रदेश शासनाची बंदीही त्याच न्यायालयाने उठविली.

‘आमच्या हक्कांवर घाव घालणाऱ्यास हे औदार्य कशासाठी?’ असा प्रश्न आपले तरुण विचारतात. माझे उत्तर असे : ही ढाल आपल्या शाहिरांचीही आहे. जमावाच्या धाकाने एक खेळ बंद पडू शकला, तर उद्या पहिला बंद पडेल तो आपला जलसा; कारण मोठा जमाव बहुधा आपल्या बाजूस नसतो.

म्हणून बंदी मागू नका, उत्तर द्या. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले आहे. मालमत्ता सर्वांची, मग आवाज मूठभरांचाच का? चित्रपट पाहा, पण त्यात आपला माणूस कोणत्या रूपात दाखविला, ते घरी येऊन एकमेकांना विचारा. बातमी वाचा, पण तिचा खर्च कोण सोसतो, तेही पाहा. आणि मतदारयादीत आपले नाव आहे की नाही, हे प्रथम तपासा. नुसता प्रेक्षक टाळ्या देतो. नागरिक मत देतो. आपणांस नागरिक व्हावयाचे आहे.

जय भीम!