आगमनकाळ : प्रतीक्षेचे शिक्षण

(डिसेंबर महिन्यातील शालेय मेळाव्यात केलेले भाषण)



डिसेंबर उजाडला की आपल्या वसईच्या वाड्यावाड्यांतून तारे लुकलुकू लागतात, गोठे उभारण्याची लगबग सुरू होते आणि नाताळ आला असे वाटते. चर्चमध्ये मात्र तो अजून आलेला नसतो. तेथे आगमनकाळ चालू असतो. ३० नोव्हेंबरच्या आसपासच्या रविवारी आरंभ होणारा हा काळ चार रविवारांचा. धर्मगुरूंची उपासनावस्त्रे जांभळी होतात, रविवारच्या मिस्सेतील महिमास्तोत्र थांबते. यशया संदेष्ट्याची आणि योहान बाप्तिस्त्याची हाक ऐकू येते : वाट तयार करा. १७ डिसेंबरपासून उपासना थेट येशूजन्माकडे वळते. तोवर ख्रिस्ताच्या पुनरागमनाचे स्मरण अधिक असते.

आनंद दाराशी आला असताना हा विलंब कशासाठी?

१८३९ मध्ये हॅम्बुर्ग येथे योहान विखेर्न हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक निराधार मुलांची एक संस्था चालवीत होते. नाताळ कधी येणार, असे मुले सारखी विचारीत. त्यांनी मुलांना उत्तर दिले नाही. गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लहान आणि रविवारी एक मोठी मेणबत्ती पेटू लागली. पुढे त्यातूनच चार मेणबत्त्यांचे आगमनचक्र रूढ झाले आणि कॅथलिकांनीही ते आपले मानले. वाट पाहणे म्हणजे रिकामे बसणे नव्हे, रोज थोडा प्रकाश वाढविणे होय, हे त्या मुलांना चाकाने शिकविले.

आपल्या मराठीतही ही शिकवण जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्यातील पहिल्या पुराणाचे ३६ अध्याय जुन्या कराराचे, म्हणजे तारणाऱ्याच्या प्रतीक्षेचे आहेत. ख्रिस्तचरित्र दुसऱ्या पुराणात येते. कवीने वाचकाला थेट गोठ्याशी नेले नाही. आधी मानवजातीची तहान दाखविली.

तिकडे तमिळ देशी, तंजावर-कुंभकोणमच्या मुलखात वावरलेल्या फादर बेस्की ऊर्फ वीरमामुनिवर यांनी अठराव्या शतकात ‘तेम्बावणी’ हे महाकाव्य रचले. त्याचा नायक संत योसेफ. शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडी एकही शब्द नाही! तो ऐकतो, उठतो आणि मरियेला आपल्या घरी आणतो. प्रवासाची, निवाऱ्याची, बाळाच्या रक्षणाची जबाबदारी मुकाट्याने उचलतो. आगमनकाळाची तयारी म्हणतात ती हीच.

मित्रांनो, घराला रंग देणे सोपे आहे. ज्या शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरला, त्याच्या दारी जाणे कठीण आहे. पापनिवेदन आणि दानधर्म यांवर या काळात भर असतो, तो याचसाठी. मन आवरले नाही, तर गोठा सजूनही बाळाला जागा उरत नाही. बेथलेहेमातही धर्मशाळेत जागा नव्हतीच.

तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, आज मागितलेली वस्तू आजच हाती पडावी, अशा दिवसांत तुम्ही वाढत आहात. पण विद्या अशी येत नाही, मैत्री अशी जुळत नाही. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी या शाळेचा पाया घातला, त्यांनाही आजचा दिवस पाहण्याची घाई करता आली नसती. त्यांनी रोजचे काम रोज केले.

आपणही आज एकच मेणबत्ती लावू या. उद्याची उद्या.