गार्ड होतं, तरी चेंबर फुटलं!

मागच्या भागात टायरवर बोललो, आणि त्यानंतर तुमचे मेसेज सुरू झाले. बहुतेकांचा प्रश्न एकच: "भाऊ, गाडीच्या खाली गार्ड बसवायचंय, कोणतं घेऊ?" फोटो पाठवलेत, लिंका पाठवल्यात. म्हणून आज फक्त हाच विषय. आणि सुरुवात आमच्याच घरच्या फजितीपासून करतो.

आमच्या चुलत्यांची बोलेरो. पाटोद्याच्या बाजूला डोंगरातली वस्ती. रात्री काकूंच्या छातीत दुखायला लागलं, म्हणून त्यांना घेऊन बीडला निघालो. घाईत एका वळणावर खालून दणका बसला. चुलते म्हणाले, "काही नाही, खाली गार्ड हाय." दोन-तीन किलोमीटरवर डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला. तेवढ्यासाठी कोण थांबतंय? डांबरी रस्ता दिसायला लागला आणि इंजिन जॅम झालं. काकू बऱ्या आहेत; मागून एक टेम्पो आला म्हणून. इंजिन मात्र पूर्ण उघडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी खाली झोपून बघितलं. गार्ड होतंच की! पण पत्रा पातळ, आणि तो चेंबरपासून अर्ध्या बोटावर. दगड लागला, पत्रा वर वाकला आणि सगळा दाब चेंबरच्या ऑइल काढायच्या नटावर आला. तिथंच तडा गेला. म्हणजे ज्याच्या भरवशावर होतो, त्यानंच चेंबर फोडलं.

म्हणून पहिली गोष्ट: गार्ड आणि चेंबर यांच्यात जागा पाहिजे, निदान दोन बोटं. आणि गार्डचा भार चेसीवर गेला पाहिजे. पुढच्या पातळ पत्र्याला चार स्क्रू मारून बसवलेलं गार्ड म्हणजे शोभेची वस्तू. बोल्ट कुठं जाणार ते बसवणाऱ्याला आधी विचारा. तो "टेन्शन घेऊ नका" एवढंच म्हणाला, तर उठा तिथून.

आता आपला मुलूख बघा. व्हिडिओत दिसतं ते लडाख, राजस्थानची वाळू. आपल्याकडं बालाघाटाचा काळा बेसाल्ट, कडक आणि धारदार. धारूरकडं किंवा सौताड्याकडं आडरस्त्यानं गेलात तर तो सगळीकडं वर आलेला दिसेल. दुसरी गोष्ट ऊस. माजलगाव, गेवराईकडच्या पाणंद रस्त्यांवरनं भरलेल्या ट्रॉल्या जातात. त्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल पडतात की आपली चाकं खाली आणि मधला उंचवटा थेट गाडीच्या पोटाला. पावसाळ्यानंतर तो वाळला की विटेसारखा होतो. आणि तिसरं, न रंगवलेले गतिरोधक! त्यावर वेगळा भाग करावा लागेल.

बोलेरोचा ग्राउंड क्लिअरन्स १८० मिलिमीटर, जिमनीचा २१०, थारचा २२६. आता बोलेरोला खाली ३० मिलिमीटर लोंबणारं गार्ड लावलं तर राहिले १५०. जिथं आधी काही लागत नव्हतं तिथं आता गार्ड घासणार. म्हणून चेसीच्या रेषेला चिकटून जाणारं, पुढून तिरकं वर गेलेलं गार्ड बघा. पुढची कड उघडी आणि सरळ असेल तर ती दगडावर नांगरासारखी रुतते.

मग लोखंड की ॲल्युमिनियम? समजा गार्ड ८० बाय ६० सेंटिमीटरचं आहे. ३ मिलिमीटर लोखंडी पत्र्याचं वजन साधारण ११ किलो भरतं, ५ मिलिमीटर ॲल्युमिनियमचं साडेसहा. आणि गंमत म्हणजे तेवढ्या जाडीचं ॲल्युमिनियम वाकायला जास्त ताठ असतं. मग सोपं आहे की, ॲल्युमिनियम घ्या! पण मी घेणार नाही. बेसाल्टच्या धारेवर ॲल्युमिनियम खरवडतं, दगड त्यात रुततो आणि गाडी अडकते. लोखंड घसरून पुढं जातं. वाकलं तर तालुक्याच्या कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडं ठोकून सरळ होतं. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करणारा रात्री सोडा, दिवसाही लवकर सापडत नाही. लोखंडाला गंज लागतो हे खरं, दर पावसाळ्यानंतर रंग मारा. पण म्हणून ६ मिलिमीटरचं लोखंड टाकू नका. तेवढ्याच गार्डचं वजन २२ किलोच्या वर जातं आणि ते सगळं पुढच्या सस्पेन्शनवर येतं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण ती जिवावरची आहे. पाचट. तोडणी झालेल्या फडातून गाडी घातली की वाळलेलं पाचट गार्डच्या वर जाऊन बसतं, सायलेन्सरजवळ. सायलेन्सर तापलेला. पुढं काय होतं ते सांगायला नको. म्हणून गार्डला भोकं पाहिजेत, हवेसाठी आणि कचरा खाली पडायला, आणि फडातून बाहेर आल्यावर पाच मिनिटं थांबून खाली वाकून बघायचं. चिखलाचंही तसंच. काळी माती वर साचली की वजन वाढतं आणि लोखंड ओलं राहतं. ऑइल काढायला वेगळं भोक असू द्या, नाहीतर दर सर्व्हिसिंगला मेकॅनिक गार्ड काढणार आणि परत बसवताना दोन बोल्ट विसरणार.

एकानं विचारलंय, पुढं बुलबारला जोडूनच गार्ड घेऊ का? नको. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून बुलबारवर कारवाई करायला सांगितलं होतं. धडकेचा जोर चेसीवर कसा जातो ते त्यानं बदलतं, एअरबॅगच्या सेन्सरवर परिणाम होऊ शकतो आणि पायी चालणाऱ्याला जास्त लागतं. खालचं गार्ड खालीच राहू द्या, बंपरच्या पुढं आणू नका.

आणि पैसे द्यायच्या आधी एक फुकटचं काम. गाडी धुवा, वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवा आणि मोबाईलची टॉर्च घेऊन खाली जा. ओरखडे कुठं आहेत? कुणाचे चेंबरला असतील, कुणाचे गिअरबॉक्सला, कुणाचे डिझेलच्या टाकीला. जिथं ओरखडे, तिथं गार्ड. आमच्या बोलेरोचे सगळ्यात खोल ओरखडे टाकीला निघाले, आणि आम्ही इतकी वर्षं फक्त पुढंच पत्रा लावत होतो. आता टाकीला ३ मिलिमीटरचं बसवलंय, चेंबरचं नवीन केलंय. आणि चुलत्यांनी डॅशबोर्डवर स्केचपेननं लिहून ठेवलंय: "लाल दिवा = चावी बंद."